नर्सिंगच्या प्रवेशाआधी: परिषदेची यादी आणि बाकीचे

बारावीनंतर नोंदणीकृत परिचारिका होण्याचे महाराष्ट्रात मुख्यतः दोन मार्ग आहेत: ३ वर्षांची जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) पदविका आणि ४ वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी. २ वर्षांच्या एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) अभ्यासक्रमानंतरही महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदले जाते, पण ते साहाय्यक परिचारिका म्हणून. प्रवेशाच्या घाईत हा फरक कोणी आपणहून सांगत नाही. पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हवे आणि खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के गुण लागतात, म्हणून जीवशास्त्र सोडून गणित घेतलेल्यांनी उगाच अर्ज भरू नये. जीएनएमला कला शाखाही चालते आणि पुढे २ वर्षांची पोस्ट बेसिक पदवी करता येते, त्यामुळे लवकर कमावणे भाग असलेल्या घरासाठी तो मार्ग कमी दर्जाचा मुळीच नाही. मात्र ‘एम्स’च्या नॉरसेट या परिचर्या अधिकारी भरतीच्या परीक्षेचा विचार असेल, तर पदविकाधारकांकडे किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील २ वर्षांचा अनुभव मागितला जातो, हे आताच हिशेबात धरावे.

मार्ग ठरला की सर्वांत आधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडावी. शुल्क, वसतिगृह, एसटीची सोय हे सारे नंतर. यादीत संस्थेचे नाव, अभ्यासक्रम आणि चालू शैक्षणिक वर्ष या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. दोन जुळल्या म्हणून भागत नाही. पुतणीच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही कार्यालयाच्या भिंतीवर चौकटीत लावलेले मान्यतापत्र पाहून निर्धास्त झालो. ते पत्र जीएनएमचे होते आणि प्रवेश मात्र नव्याने सुरू केलेल्या बी.एस्सी.चा. मुलीचे वर्ष गेले. तेव्हा भिंतीवरचे पत्र पाहू नये, यादी पाहावी, आणि छापील प्रत काढून जवळ ठेवावी. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ असे उत्तर मिळाले, तर तिथून उठावे. पदवीचे महाविद्यालय अभिमत विद्यापीठाचे नसेल, तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नताही त्याच बैठकीत तपासून घ्यावी.

त्यानंतर रुग्णालय. संस्थेचे स्वतःचे १०० खाटांचे रुग्णालय असावे, अशी अपेक्षा आहे. दुपारी राऊंडच्या वेळी प्रत्यक्ष वॉर्डात जाऊन किती खाटांवर रुग्ण आहेत ते पाहावे, कारण रिकाम्या वॉर्डात मुली सलाईन लावायला शिकत नाहीत, चादरी घालायला शिकतात.

पदवीच्या प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाची नर्सिंगची परीक्षा द्यावी लागते. पुण्याच्या एएफएमसीमधून (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय) लष्करी परिचर्या सेवेत जायचे असेल, तर ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते, आणि तिचा अर्ज बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीतच येतो. शुल्काच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे, की ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गातील मुलींना २०२४ पासून मिळणारी संपूर्ण शुल्कमाफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) झालेल्या प्रवेशालाच लागू आहे. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ती गेली.

बेळगाव किंवा बंगळुरूला जाणाऱ्यांनी तिथल्या परिषदेची यादी अशीच, याच तीन कसोट्यांवर पाहावी. नोंदणी आधी तिकडे होते आणि नंतर ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्रात.

कागदपत्रे नेहमीचीच आहेत. जात वैधतेचा अर्ज मात्र अकरावीतच करावा. अभ्यासक्रमाचा अंतिम निकाल लागल्यावर परिषदेकडे नोंदणी, परदेशी जायचे असल्यास ट्रान्सक्रिप्ट (शिकलेल्या विषयांचा व गुणांचा अधिकृत तपशील), आणि शुल्काचा पहिला हप्ता भरायच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा ती यादी.