खोडकर मनीचं पुस्तक : सोळा पानं, सोळा मात्रा

अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी मांजरीचं यमकी पुस्तक हातानं करायचं असेल, तर लगेच चित्रं काढायला बसू नका. मनीनं काय उचापत केली आणि ती कुठं लपली, हे आधी ठरवा. वऱ्हाडातल्या घरात लपायला जागा भरपूर असतात: कुटाराची (गुरांच्या भुशाची) खोली, गंजांची म्हणजे पातेल्यांची उतरंड आणि भाव वाढेल म्हणून घरातच भरून ठेवलेला कापूस. मनी पांढरी, कापूसही पांढरा. लपाछपीला याहून चांगलं काय हवं?

ओळ सोळा मात्रांची धरा, आठ-आठचे दोन तुकडे. यालाच पादाकुलक म्हणतात. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची आणि अनुस्वार असलेल्या अक्षराची दोन. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल, तर त्याच्याही दोन.

गंजामधली साय संपली
मनी कुठे मग जाउन लपली?

नुसती बेरीज जुळली म्हणजे ओळ जमली असं नाही. ‘दूध पिऊन मांजर पळाली’ ही ओळ मोजली तर मात्रा सोळाच भरतात, तरी वाचताना जीभ अडखळते. कारण पहिला तुकडा सातावर संपतो आणि आठवी मात्रा ‘मांजर’ शब्दाच्या पोटात जाते. ‘दूध पिउन ती मनी पळाली’ केलं की आठावर शब्द पुरा होतो आणि ओळ धावते. तालासाठी ‘पिऊन’चं ‘पिउन’, ‘कापूस’चं ‘कापुस’ करायला कवितेत मुभा आहे. ती जरूर घ्या. यमकही नुसतं शेवटच्या अक्षराचं नको. ‘दबकत–चाटत’ कानाला फिकं लागतं, ‘संपली–लपली’ भरतं, कारण त्यात दोन अक्षरं जुळतात. आणि ‘पातेलं’ न लिहिता ‘गंज’च लिहा. घरी रोज कानावर पडणारा शब्द पुस्तकात आला की लेकरू लगेच मान वर करतं.

आता पानं. ए-थ्री आकाराचे चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की ए-फोरची सोळा पानं होतात. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून चित्र काढताना इथंच घोटाळा होतो: सुट्या कागदावर पान 2 च्या शेजारी 3 नसतं, 15 असतं. प्रत्येक बाजूच्या दोन पानांची बेरीज 17 येते, हे ध्यानात ठेवा. आधी चिठ्ठ्यांएवढे चार तुकडे दुमडून, आकडे घालून नमुना करून बघा.

प्रश्न नेहमी उजव्या, म्हणजे विषम पानावर ठेवा आणि उत्तर पान उलटल्यावर. दोन्ही समोरासमोर छापलेत तर लेकराची नजर आधी चित्रावर जाते आणि गंमत तिथंच संपते. ‘मनी कुठे मग जाउन लपली?’ हे पान 7 वर घ्या. 8–9 ही मधली जोडी एकाच अखंड कागदावर येते, म्हणून कापसाचा मोठा ढीग तिथंच काढा:

कापुस हलला, मिशी चमकली
पांढऱ्यात मग कोण शिंकली?

या चित्रात अख्खी मनी दाखवू नका. दोन कानांची टोकं, मिशा आणि एक डोळा पुरे. खोलीत अंधार असेल तर डोळ्यातली बाहुली गोल आणि मोठी काढा, उन्हात उभी रेघ. कापसाला फिकट पिवळसर सावली द्या आणि भिंत मातकट गडद ठेवा, नाहीतर पांढऱ्यावर पांढरं काहीच दिसत नाही. मनीच्या डाव्या कानावर काळा ठिपका ठेवा. ती उलट्या दिशेनं पळाली की ठिपका हमखास उजव्या कानावर जातो आणि लेकरं ते बरोबर पकडतात. तोंडाचा एक पुठ्ठ्याचा खाका कापून ठेवला, तर पानागणिक चेहरा बदलत नाही.

कागद ड्रॉइंगचा घ्या. पातळ कागदावर स्केचपेनची शाई पाठीमागं उतरते. वीसेक लेकरांच्या घोळक्याला वाचून दाखवायचं असेल तर अक्षर दोन सेंटिमीटर उंच हवं.

स्टेपलरच्या पिना नकोत. त्या पावसाळ्यात गंजतात आणि बोटाला टोचतात. घडीवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, दोन टोकांपासून पाच-पाच सेंटिमीटरवर. गोधडीचा दोरा पाऊण मीटर घेऊन मेणबत्तीवर घासा. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. गाठ आतच राहू द्या, बाहेर आली की लेकरं ओढतात.

दुसऱ्यांदा वाचताना ‘जाउन’वर थांबा आणि ‘लपली’ लेकरांना म्हणू द्या. तो शब्द आलाच नाही, तर ओळीचा ताल बिघडलेला आहे. पुन्हा मात्रा मोजा.