आवडती मालिका ओटीटीवरून गायब होण्याआधी डिस्कवर कशी मिळवावी

'विलो' या मालिकेचा शेवटचा भाग डिस्नी प्लसवर जानेवारी २०२३मध्ये आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात अख्खी मालिकाच तिथून काढून टाकली गेली. ती डिस्नीची स्वतःची होती, दुसऱ्या कुणाकडून मुदतीच्या हक्कांवर आणलेली नव्हती. 'वेस्टवर्ल्ड' डिसेंबर २०२२मध्ये एचबीओ मॅक्सवरून गेली. तिचे चारही सीझन मात्र तोवर डिस्कवर निघाले होते. ज्यांच्या कपाटात ते सेट होते, त्यांचं त्या दिवशी काहीच अडलं नाही. शेकडो माणसांची काही वर्षांची मेहनत एका हिशेबापायी पुसली जाऊ शकते, हे मला मान्य करवत नाही. म्हणून हा खटाटोप.

१. छोटी यादी करा

सगळं जमवायला जाऊ नका. ज्या मालिका तुम्ही पुन्हा पुन्हा बघता, तेवढ्याच लिहा. मग त्यांचा क्रम लावा. अर्ध्यावर बंद केलेल्या आणि फक्त एकाच ओटीटीवर असलेल्या मालिका सर्वांत वर ठेवा. अशा कमी बघितल्या जाणाऱ्या मालिका ओटीटीने काढून टाकल्या, की कलाकार-लेखकांना द्यायचं मानधन वाचतं आणि निर्मितीची किंमत तोट्यात दाखवून करातही सूट मिळू शकते. त्यामुळे कात्री आधी त्यांच्यावर येते.

२. ऑनलाइन 'विकत घेतलेलं' वेगळं मोजा

पैसे भरून घेतलेला डिजिटल सीझन बहुतेक वेळा तुमच्या मालकीचा नसतो, तुम्हाला फक्त बघण्याचा परवाना मिळतो. डिसेंबर २०२३मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन या गेमिंग सेवेने ग्राहकांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढून टाकणार असल्याचं कळवलं होतं. नवा करार झाल्यामुळे ते वाचले. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५पासून, हा फक्त परवाना आहे असं स्पष्ट न सांगता 'खरेदी करा' असं बटण दाखवायला कायद्याने बंदी आहे.

३. कोणती आवृत्ती घ्यायची, ते नीट तपासा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. डिस्क निघाली म्हणजे मालिका जशीच्या तशी मिळाली, असं नसतं. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही रेडिओ स्टेशनवरची मालिका, त्यामुळे गाणी हा तिचा प्राणच. २००७ साली डीव्हीडी आली तेव्हा हक्कांच्या खर्चापायी पुष्कळ मूळ गाणी बदलली होती. २०१४च्या संचात त्यांतली बहुतेक परत आली. म्हणजे मालिका तीच, पण कोणता संच घेतला यावर सगळं अवलंबून. खरेदीआधी भागांची संख्या आणि प्रत्येक भागाची लांबी मूळ प्रसारणाशी ताडून पाहा. 'संपूर्ण मालिका' लिहिलेल्या संचाबाबतही हे करा. सबटायटल्स कोणत्या भाषेत आहेत, तेही वेष्टनावर वाचा.

मग रीजन कोड, म्हणजे डिस्क कोणत्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारी खूण. डीव्हीडीला प्रदेशाप्रमाणे १ ते ६ क्रमांक असतात, ब्लू-रेला (डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्र देणारी डिस्क) ए, बी, सी. भारतासाठी डीव्हीडीचा ५ आणि ब्लू-रेचा सी. परदेशातला संच मागवण्याआधी तो आपल्या प्लेअरवर चालेल का, याची खात्री करा. ब्लू-रेहूनही स्पष्ट चित्राच्या ४के डिस्कना रीजन कोड नसतो.

डीव्हीडी की ब्लू-रे? मालिका फिल्मवर चित्रित झाली असेल आणि नव्याने स्कॅन केलेली असेल, तर ब्लू-रेच घ्या, चित्रात खूप फरक पडतो. जुन्या व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिकेत तेवढा तपशील मुळातच नसतो, तिथे डीव्हीडीने भागतं.

४. प्लेअर आत्ताच घेऊन ठेवा

ब्लू-रे प्लेअरवर डीव्हीडीही चालतात, उलटं होत नाही. ४के डिस्कसाठी ४के प्लेअरच लागतो. सॅमसंगने २०१९मध्ये अमेरिकेसाठी नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं, त्यामुळे पर्याय कमी होत चालले आहेत.

५. संच हाती आला, की प्रत्येक डिस्क चालवून पाहा

सील फोडून परतीच्या मुदतीतच सगळ्या डिस्क शेवटपर्यंत चालवा. चित्र अडकणं, चौकोन दिसणं असे दोष बऱ्याचदा डिस्कच्या उत्तरार्धातच सापडतात. वापरलेला संच घेत असाल तर हे टाळूच नका.

६. जपणूक

डिस्क कडेने धरा, डबीत उभी ठेवा, ऊन आणि दमट जागा टाळा. पुसायची वेळ आली तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसलं तर ओरखडे डिस्कवरच्या माहितीच्या ओळीनेच पडतात आणि प्लेअरला ते वाचणं जड जातं.

डिस्क निघालीच नसेल तर

ती मालिका यादीत पहिली घ्या आणि पुढच्या वर्षावर न टाकता आत्ताच बघा. निर्मात्या कंपनीला आणि जुन्या मालिकांचे संच काढणाऱ्या छोट्या प्रकाशकांनाही लिहा, कोणती मालिका कोणत्या रूपात हवी आहे ते नेमकं सांगून. मागणी आहे हे त्यांना कळण्याचा तो सरळ मार्ग आहे.