डायल-अप बुलेटिन बोर्डावर फाइल कशी शोधावी

बुलेटिन बोर्ड म्हणजे फोन लावून फाइली आणि निरोप देण्याघेण्याची जागा: कुणाच्या तरी घरातला पीसी, त्याला मोडेम (संगणक फोनच्या लाइनला जोडणारं यंत्र) आणि फोनची लाइन. 1990 च्या दशकात अमेरिकेतले बहुतेक बोर्ड असेच चालायचे. एका लाइनवर एका वेळी एकच माणूस, म्हणून बोर्ड चालवणारा सिसॉप प्रत्येकाला दिवसाची मिनिटं ठरवून देई. लांब पल्ल्याचा कॉल असेल तर बिल वेगळं. तेव्हा शोधाचं जमेल तेवढं काम फोन ठेवून करावं. इथल्या कमांड त्या काळी जोरात असलेल्या पीसीबोर्ड या बोर्ड चालवायच्या सॉफ्टवेअरच्या आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं बदलतात, पद्धत साधारण हीच.

आधी हिशेब करा. मोडेमचं सेटिंग 8-एन-1 (8 डेटा बिट, पॅरिटी नाही, 1 स्टॉप बिट) असेल तर सुरुवातीचा बिट धरून एका अक्षराला 10 बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 2400 बिटच्या मोडेमवर सेकंदाला जेमतेम 240 अक्षरं. बोर्डावरच्या फाइलींची 500 केबीची यादी स्क्रीनवर वाचत बसलात तर 35 मिनिटं गेली. तीच यादी झिप करून ठेवलेली असते, नाव बहुधा ऑलफाइल्स.झिप. आकार बराच घटतो, तेव्हा पहिल्या कॉलला तीच उतरवा.

झिप उघडायला पीकेअनझिप लागतं. ते नसेल तर नेमकी पहिली चूक इथे होते. नावाने शोधणारी कमांड 'एल'. तिला पीकेअनझिप दिलं की काहीच सापडत नाही, कारण तो प्रोग्राम पीकेझेड204जी.ईएक्सई या फाइलच्या पोटात असतो. डॉसमध्ये (त्या काळच्या पीसीची ऑपरेटिंग सिस्टिम) फाइलच्या नावाला 8 अक्षरं आणि पुढे 3, त्यामुळे नावं अशी आखडलेली. म्हणून 'एल पीकेझेड*.* ए' द्या. शेवटचा 'ए' म्हणजे सगळ्या डिरेक्टरी. तारा (*) शब्दाच्या आधी लावू नका. डॉसच्या नियमाने ताऱ्यानंतरची अक्षरं धरलीच जात नाहीत आणि अख्खी यादी अंगावर येते. शोधात पीकेझेड300 नावाचं काही दिसलं तर हात लावू नका. 1995 मध्ये नवी आवृत्ती म्हणून फिरलेला तो ट्रोजन, म्हणजे चांगल्या प्रोग्रामचं सोंग घेतलेला घातक प्रोग्राम आहे.

नाव माहीत नसेल तर 'झेड', म्हणजे झिपी शोध: 'झेड मोडेम ए'. हा वर्णनातही शोधतो. वर्णन बहुधा झिपमधल्या फाइल_आयडी.डीआयझेड मधून आलेलं असतं. 45 अक्षरांच्या फार तर 10 ओळी. एवढ्या जागेत लेखक शब्द तोडून लिहितात, म्हणून पूर्ण शब्दाऐवजी मूळ द्या: 'कम्युनिकेशन' नको, 'कॉम' पुरे. फार निकाल आले तर दोन शब्द '&' ने जोडा.

नव्या फाइलींसाठी 'एन एस ए', मागच्या वेळेनंतरचं सगळं. तारीख द्यायची तर आधी महिना: 1 जून 1993 म्हणजे 060193. आपल्या सवयीने 010693 टाकलं तर जानेवारीपासूनचा ढिगारा येतो.

स्क्रीन भरली की खाली उरलेली मिनिटं आणि 'मोअर' दिसतं. तिथेच 'व्ही' दाबून झिपच्या आत काय आहे ते पाहता येतं, 'एफ' दाबून फाइलवर खूण करता येते. खुणा करत पुढे जा, डाउनलोड शेवटी एकदम.

घरी यादी चाळायला डॉस 5 पासूनची फाइंड कमांड पुरते. '/आय' लावा म्हणजे लहान-मोठ्या लिपीची अडचण नाही. पण ती फक्त जुळलेली ओळ दाखवते. शब्द वर्णनाच्या तिसऱ्या ओळीत असेल तर फाइलचं नावच दिसत नाही. म्हणून '/एन' ही लावा, ओळीचा क्रमांक घ्या आणि यादी उघडून तिथून वर सरका. यादी जुनी असू शकते, हेही धरून चाला. फाइल सिसॉपच्या सीडीवर असेल आणि ती सीडी ड्राइव्हमध्ये नसेल तर नाव दिसतं, फाइल मिळत नाही.

उतरवताना फाइल पाठवायच्या पद्धतींपैकी (प्रोटोकॉल) झेडमोडेम निवडा. लाइन तुटली तर अर्धी फाइल पुसू नका. पुन्हा फोन लावून तीच मागितली की राहिलेल्या जागेपासून पुढे सुरू होते. एक्समोडेम या दुसऱ्या पद्धतीला हे जमत नाही. कॉल वेटिंग असेल तर नंबरच्या आधी *70 लावा, नाहीतर दुसऱ्या कॉलच्या टोनने लाइन पडते. शेवटी पीकेअनझिप 'टी' स्विचने चालवून झिप तपासा. त्यात सीआरसीची (फाइल बिघडली का ते पडताळणारा आकडा) चूक निघाली तर फाइल पुन्हा पहिल्यापासून मागवा.