दिवाळीच्या माळा अजून वरच आहेत? उतरवताना या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं, त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे झाले की दुसऱ्या दिवशी आकाशकंदील आणि माळा खाली, अशी आमच्या आजीची शिस्त होती. आता आमच्या बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही गल्लीत चैत्रात फिरून बघा. गॅलरीच्या गजांना माळा तशाच गुंडाळलेल्या असतात. कॅम्पात नाताळ होतो, मग कुणाचं तरी लग्न निघतं, मग वैशाखातली आपली शिवजयंती आणि चित्ररथ. "राहू दे की, परत लावायचीच हाय," असं म्हणता म्हणता वळीव येऊन कोसळतो.

उशीर झाला म्हणून माझी तक्रार नाही. भीती आहे ती उशिरा उतरवताना होणाऱ्या घाईची. सहा महिने ऊन खाल्लेल्या वायरीवरचं प्लास्टिक कडक होतं, वाकवलं की तडकतं आणि आतली केसासारखी तार उघडी पडते. लावताना कोरी असलेली माळ उतरवताना तशी राहिलेली नसते.

बटन बंद केलं म्हणजे करंट गेला, असं धरू नका

दोन वर्षांपूर्वी वळीव पडून गेल्यावर मी आमच्या पुढच्या पत्र्यावरची माळ काढायला गेलो. बटन बंद होतं, दोनदा बघितलं होतं. पत्र्याला हात टेकला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. लाकडी स्टुलावर कोरड्या चपला घालून उभा होतो, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

गल्लीतल्या वायरमन मामांनी येऊन बघितलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. माळ पत्र्याच्या कडेवरून ओढून घेतली होती. वाऱ्याने हलून हलून कडेने वायर कापली गेली आणि ओला पत्राच जिवंत झाला. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. जुन्या वायरिंगमध्ये त्या बोर्डाचं बटन करंट आणणाऱ्या फेजच्या तारेऐवजी परतीच्या न्यूट्रल तारेवर जोडलेलं होतं. अशा बटनाने दिवे विझतात, पण माळेत फेज तसाच उभा राहतो. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत वायरिंग तुकड्यातुकड्याने वाढवलेलं आहे, त्यामुळे ही चूक कुठेही सापडू शकते.

म्हणून पिनच उपसून काढा आणि ती डोळ्यांसमोर ठेवून मगच शिडी लावा. मेन स्विच पाडला तरी घरात इन्व्हर्टर असेल तर तो लगेच सुरू होतो आणि त्याच्यावरचे बोर्ड चालूच राहतात. गल्लीत या घरातून त्या घरात नेलेल्या माळा असतील तर आणखी जपा. एकाला एक जोडत गेलेल्या माळेचं दुसरं टोक समोरच्या काकूंच्या बोर्डात असू शकतं. त्यांना हाक मारा, त्यांचीही पिन काढून घ्या. टेस्टरवर भिस्त ठेवू नका, भर उन्हात त्यातला दिवा लागलेला दिसतच नाही.

"एलईडी आहे, त्यात काय करंट असतोय?" हे मी अनेकदा ऐकलंय. ॲडॅप्टरवर चालणाऱ्या माळा वेगळ्या. पण बाजारातली साधी, थेट बोर्डात घालायची माळ २३० व्होल्टवरच चालते. तिची उघडी तार म्हणजे घरातल्या बोर्डाची उघडी तार.

ओली माळ, सकाळची वेळ

वळीव पडून गेला असेल तर दोन दिवस कडक ऊन मिळू दे. होल्डरमध्ये आणि दिवे लुकलुकवणाऱ्या छोट्या डब्यात पाणी साचून राहतं. पौष-माघात उतरवत असाल तर सकाळी दव असतं, ते अकरापर्यंत वाळतं. दुपारी वायर थोडी मऊही असते, कमी तडकते.

ओढून काढू नका

सगळ्यात जास्त माळा इथे मरतात. एक टोक हातात धरून हिसडा दिला की बाहेरून काही दिसत नाही, पण आत तार तुटते आणि गणपतीला लावायला घेतली की अर्धी माळ काळोखी. शेवटच्या टोकापासून सुरू करा. प्लास्टिकचे टाय पकडीने कापा, चाकू वायरीवर घसरतो. आंब्याच्या किंवा पारिजातकाच्या खोडाला आवळून बांधलेली माळ आधी सोडवा. खोड जाड होत जातं आणि वायर सालीत रुतते.

हात घालण्याआधी वर नीट बघा. वळचणीला आणि कंदिलाच्या आत गांधीलमाशीचं पोळं असतं, चिमणीचं घरटंही असू शकतं. घरट्यात पिल्लं असतील तर पिन काढून ठेवा आणि ती उडेपर्यंत थांबा.

शिडी भिंतीपासून चार फूट उंचीला एक फूट या हिशोबाने लावा आणि खाली धरायला माणूस उभा करा. खानापूरकडच्या कौलारू घरांत कौलावर पाय देऊन माळ काढायला जाऊ नका. जुनं कौल वजनाने फुटतं आणि पावसाच्या तोंडावर तसं दुसरं मिळत नाही. विजेच्या खांबाला किंवा सर्व्हिस वायरला माळ अडकली असेल तर काठीने सोडवायलाही जाऊ नका. हेस्कॉमचा, म्हणजे आपल्या वीज कंपनीचा, १९१२ नंबर आहे, फोन करा.

माळ लागत नाही तेव्हा

खाली आणल्यावर कोरड्या फरशीवर पसरा आणि पिन न लावता पूर्ण लांबीभर बघून घ्या. तडा, हिरवट झालेलं टोक, उंदराने कुरतडलेली जागा दिसली तर ती माळ बाद. वायर शाबूत असेल तरच ईएलसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावर लावून बघा.

मधला एकच तुकडा काळा असेल तर त्या तुकड्यातला एक दिवा किंवा एक सांधा गेलेला असतो, कारण तुकड्यातले दिवे एकामागोमाग जोडलेले असतात. पूर्ण माळ बंद असेल तर आधी पिनेजवळची वायर आणि डबा बघा. डब्यात पाणी गेलं असेल तर तो बदलायचा, वाळवून परत लावायचा नाही.

गेलेले दिवे कापून तारा एकमेकांना जोडायची सवय मात्र सोडाच. जुन्या माळेत ६ व्होल्टचे साधारण ४० बल्ब मिळून घरच्या विजेचा दाब (व्होल्टेज) वाटून घेतात. त्यातले पाच-सहा काढले की उरलेल्यांवर जास्त दाब येतो, ते तापतात आणि भराभर जातात. कागदी कंदिलाजवळ ती माळ असेल तर आगीचीही भीती आहे.

ठेवताना

कोपर आणि तळहातावर वेटोळी करू नका, वायर पिळली जाते. पुठ्ठ्याच्या तुकड्याला खाच पाडून त्यावर सैल गुंडाळा. सेलवरच्या माळेतले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि स्प्रिंग गंजते. झाकणाचा डबा घ्या, पत्र्याचा असेल तर उंदराचा प्रश्नच नाही. बाद माळा तांब्यासाठी परसात जाळू नका, त्या प्लास्टिकचा धूर लहान मुलांच्या छातीत जातो. त्या ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

डब्यावर मी एक चिठ्ठी चिकटवतो. कुठली माळ कुठल्या खिडकीला, किती फूट, आणि कुठल्या बोर्डाचं बटन उलटं आहे. आमच्या त्या बोर्डाचं वायरिंग आता नीट झालंय, तरी ती ओळ मी खोडलेली नाही.