महाधमनी फाटल्याचा संशय आला तर: आधी नाडी, मग बीपी

बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, ग्रामीण रुग्णालयात रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी हे लिहिते आहे. मी गडचिरोली जिल्ह्यात काम करते. इथून सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) आणि हार्ट सर्जन म्हणजे नागपूर किंवा सावंगी-सेवाग्रामचा रस्ता, म्हणजे सुरुवातीचे तास रुग्ण आपल्याच हातात असतो.

रुग्ण सांगतो, "एकदमच फाटल्यावानी दुखलं जी, पाठीपर्यंत गेलं." दुखणं पहिल्या क्षणापासूनच कमाल असतं, हळूहळू वाढत नाही. बहुतेकांना जुना बीपी असतो, गोळ्या मधेच सोडलेल्या असतात, तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) असतो. अशा वेळी दोन्ही हातांचा बीपी घ्या. वरच्या आकड्यात 20 पेक्षा जास्त फरक, एका हाताची नाडी कमजोर, ईसीजी दुखण्याच्या मानाने साधा, एक्स-रेत छातीचा मधला भाग रुंद, यातलं काही दिसलं की संशय धरा. दोन्ही हात सारखे आले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका.

संशय असेल तर ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलचा लोडिंग (सुरुवातीचा मोठा) डोस, रक्त गोठू न देणारं हेपारिन आणि टेनेक्टेप्लेजसारखं रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन थांबवा. छातीत दुखतंय म्हटलं की आपला हात आपोआप त्या गोळ्यांकडे जातो. इथे त्यांनी रक्तस्राव वाढतो, टेनेक्टेप्लेजने तर जीव जाऊ शकतो. हार्ट अटॅकचा रुग्ण दोन्ही हातांचा बीपी घेण्याच्या दोन मिनिटांनी बिघडत नाही.

आता औषधं. महाधमनीचं आतलं अस्तर फाटलेलं असतं आणि रक्त भिंतीच्या पदरांमध्ये शिरत असतं. विहिरीवरची मोटार चालू होताना पाइपला जसा धक्का बसतो, तसा प्रत्येक ठोक्याचा धक्का त्या चिरेला पुढे नेतो. म्हणून नुसता बीपी उतरवून भागत नाही, धक्क्याचा जोर आणि संख्या दोन्ही कमी करायची. लक्ष्य: नाडी 60 च्या आसपास किंवा खाली, वरचा बीपी 100 ते 120, आणि रुग्ण शुद्धीवर, लघवी होत असलेला. ज्या हाताचा बीपी जास्त, तोच खरा धरायचा.

पहिलं इंजेक्शन बीटा ब्लॉकरचं, म्हणजे ठोक्यांचा जोर आणि संख्या कमी करणाऱ्या औषधाचं. लॅबेटॅलॉल शोधायला लांब जाऊ नका, प्रसूतिगृहाच्या ट्रेमध्ये ते असतं. 20 मिलिग्रॅम शिरेतून दोन मिनिटांत, दर दहा मिनिटांनी नाडी-बीपी बघून 40, मग 80, एकूण 300 पर्यंत. त्याच ट्रेमध्ये निफेडिपिनही असतं, त्याला हात लावू नका. त्याने बीपी झपकन पडतो, नाडी उसळते, आणि नेमकं तेच आपल्याला नको आहे. हायड्रॅलॅझिनचंही तसंच.

लॅबेटॅलॉल नसेल तर मेटोप्रोलॉल 5 मिलिग्रॅम सावकाश, दर पाच मिनिटांनी, 15 पर्यंत. एस्मोलॉल असेल तर उत्तमच, कारण त्याचा असर काही मिनिटांत ओसरतो आणि चूक सुधारता येते. 60 किलोच्या माणसाला 30 मिलिग्रॅम एका मिनिटात, मग मिनिटाला 3 मिलिग्रॅमने पंपावर. दमेकऱ्याला बीटा ब्लॉकर चालत नसेल तर डिल्टियाझेम, किलोला 0.25 मिलिग्रॅम, दोन मिनिटांत. बीटा ब्लॉकर आणि डिल्टियाझेम एकत्र शिरेतून देऊ नका, नाडी बंद पडू शकते.

नाडी उतरूनही बीपी 120 च्या वर असेल तरच नायट्रोग्लिसरीन. 25 मिलिग्रॅम 50 मिलित मिसळून पंपावर तासाला 1.2 मिलि, म्हणजे मिनिटाला 10 मायक्रोग्रॅम, तिथून हळूहळू वाढवायचं. आधी दिलं तर नाडी वाढते.

दुखणं थांबवणं हाही उपचारच आहे, ती दया नाही. वेदनेने नाडी आणि बीपी दोन्ही चढतात. मॉर्फिन 2 ते 4 मिलिग्रॅम किंवा फेंटानिल 50 मायक्रोग्रॅम, श्वासाकडे लक्ष ठेवून. ही औषधं कुलपात असतात, त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे सिस्टरला ड्युटीच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा.

बीपीच कमी असेल, मानेच्या शिरा फुगलेल्या असतील, तर हृदयाभोवती रक्त साचलं असू शकतं. तिथे वर सांगितलेलं कुठलंही औषध देऊ नका. सलाईन थोडं थोडं द्या आणि रुग्ण लगेच हलवा.

खरं तर पहिलं इंजेक्शन देतानाच 108 ला फोन गेलेला हवा. चीर हृदयाजवळच्या चढत्या भागात असेल तर ऑपरेशनशिवाय इलाज नाही, आणि सुरुवातीच्या दोन दिवसांत दर तासाला धोका वाढत जातो. उतरत्या भागात असेल आणि रक्तपुरवठा शाबूत असेल तर बहुधा औषधांवरच भागतं. हे सीटी ठरवेल, पण औषधं दोन्हीकडे तीच सुरू करायची. गाडीत भरलेली सिरिंज, मॉनिटर आणि डोस समजणारी व्यक्ती पाठवा. चिठ्ठीत दोन्ही हातांचे आकडे, प्रत्येक डोसची वेळ आणि 'ॲस्पिरिन दिलेलं नाही' हे ठळक लिहा.

बरा होऊन गावी परतलेला रुग्ण पुढे आशाताईंच्या यादीत जायला हवा. मेटोप्रोलॉलसारखी गोळी जन्मभर, सोबत गरजेप्रमाणे ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन, बीपी 130/80 च्या खाली. खर्रा बंद. धान कापणीच्या दिवसांत गोळ्या संपतात आणि पीएचसीत यायला कोणाला वेळ नसतो, म्हणून कापणीआधीच दोन महिन्यांच्या देऊन ठेवा.