जगावेगळा हिवाळी उत्सव पाहायला जायचंय? तयारी अशी करा

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर लर्विक नावाचं गाव आहे. जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी तिथले रस्त्यावरचे दिवे मालवले जातात आणि सुमारे हजार माणसं पेटत्या मशाली घेऊन मिरवणुकीने निघतात. मिरवणूक संपते तिथे एक लाकडी व्हायकिंग गलबत उभं असतं. गावकऱ्यांनी महिनोन्‌महिने खपून ते बांधलेलं असतं आणि तेच ते पेटवून देतात. या उत्सवाचं नाव ‘अप हेली आ’. मेक्सिकोत ओआहाका शहरात 23 डिसेंबरला मुळ्यांमधून कोरलेल्या मूर्तींची स्पर्धा भरते. इटलीत इव्रेआ गावी तीन दिवस संत्र्यांची लढाई चालते.

फोटो पाहिले की वाटतं, लगेच तिकीट काढावं. पण तिथे उभं कुठे राहायचं, कशाला हात लावायचा नाही, कोणत्या रात्री गेलो तर काहीच दिसणार नाही, हे फोटोतून कळत नाही. ते कळण्यासाठी पुढचा सगळा खटाटोप.

पायरी 1: तिथे आपण कोण असणार, ते ठरवा

बहुतेक जण आधी देश निवडतात. मी म्हणेन, आधी आपली भूमिका निवडा. काही उत्सवांत तुम्ही निव्वळ प्रेक्षक असता, काहींत निशाणा होऊ शकता, काहींत प्रत्यक्ष उतरता येतं आणि काही उत्सव मुळात घराच्या उंबऱ्याच्या आतले असतात.

लर्विकमध्ये पाहुणा हा प्रेक्षकच. मशाल हातात मिळते ती तिथल्या पथकांतल्या लोकांना. त्यांचा म्होरक्या, ‘गायझर यार्ल’, होण्यासाठी माणूस आधी समितीवर निवडून येतो आणि मग पंधरा वर्षं आपल्या पाळीची वाट पाहतो. इतकी वर्षं ज्याने या एका रात्रीसाठी काढली, त्याच्या वाटेत सेल्फीसाठी आडवं येऊ नये, हे वेगळं सांगायला नको. लर्विकच्या पथकांत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो 2023 पासून.

इव्रेआत मात्र तुम्ही निशाणा होऊ शकता. पायी लढणाऱ्या नऊ पथकांना ‘अरांचेरी’ म्हणतात. ते जुलमी सरदाराविरुद्ध उठलेली प्रजा, आणि घोडागाड्यांवरचे शिरस्त्राण घातलेले लोक त्या सरदाराचे शिपाई. दंतकथेत या उठावाची ठिणगी टाकते ती व्हायोलेटा, एका गिरणीवाल्याची मुलगी. ज्याला मार नको त्याने लाल टोपी घालायची. ती घातली की तुमच्यावर मुद्दाम कोणी नेम धरत नाही. पण चुकार संत्रं टोपी पाहून येत नाही, म्हणून चौकांत प्रेक्षकांसाठी लावलेल्या जाळ्यांच्या मागेच थांबा. मुलं बरोबर असतील तर जाळी सोडायचीच नाही.

प्रत्यक्ष उतरायचं असेल तर जपानमध्ये ओकायामाजवळच्या सायदाइजी मंदिराचा ‘हादाका मात्सुरी’ आहे. फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी रात्री हजारो पुरुष फक्त लंगोट नेसून, थंडगार पाण्यात भिजून, मंदिरात दाटीवाटीने उभे राहतात. दहा वाजता दिवे जातात आणि वरून दोन पवित्र काठ्या गर्दीत टाकल्या जातात. ज्याच्या हाती काठी लागते आणि टिकते, त्याला वर्षभर भाग्य लाभतं अशी श्रद्धा आहे. बाहेरच्या पुरुषांनाही नियम पाळून यात उतरता येतं, पण प्यायलेल्या माणसाला नाही. तिथली रेटारेटी खरी असते. गर्दीत जीव घाबरा होत असेल तर बाजूच्या आसनांचं तिकीट काढून पाहा. त्यात काही कमीपणा नाही.

आणि चौथा प्रकार, ज्यात पाहुण्यांची सर्वांत जास्त निराशा होते. जपानच्याच ओगा द्वीपकल्पावर 31 डिसेंबरच्या रात्री पेंढ्याचा अंगरखा आणि राक्षसाचा मुखवटा घातलेले ‘नामाहागे’ घराघरांत शिरतात, आळशी आणि रडकी पोरं कुठे आहेत म्हणून गर्जना करतात, घरचे लोक त्यांना जेवूखाऊ घालून शांत करतात. हे सगळं लोकांच्या घरात चालतं. अनोळखी माणसाने त्या रात्री गावात जाऊन कोणाच्या दारात उभं राहणं बरं नव्हे. त्याऐवजी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याअखेरीस शिंझान देवस्थानात भरणारा ‘नामाहागे सेदो’ उत्सव गाठा. तो सर्वांसाठी खुला असतो. मशाली घेऊन नामाहागे बर्फाळ डोंगरावरून खाली उतरतात, तो क्षण चुकवू नका.

पायरी 2: तारीख स्वतः काढा

इथे तीन प्रकारचे हिशेब असतात.

पहिला पक्क्या तारखेचा. ओआहाकाचे मुळे 23 डिसेंबर. आल्प्समधल्या क्राम्पुस या राक्षसाची रात्र 5 डिसेंबर, पण शिंगंवाल्या क्राम्पुसांच्या मिरवणुका वेगवेगळ्या गावांत आगेमागे निघतात. जपानच्या नोझावा ओन्सेनमधला अग्निउत्सव 15 जानेवारीचा. वार कोणताही असो, तारीख हलत नाही.

दुसरा वाराचा. लर्विकचा उत्सव जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी, म्हणजे 2027 मध्ये 26 जानेवारीला. वादळ आलं, पाऊस आला, तरी तो पुढे ढकलत नाहीत. त्यामुळे ‘हवा बघून ठरवू’ असं म्हणायची सोय नाही.

तिसरा हिशेब ईस्टरचा, आणि गफलत होते ती इथेच. इव्रेआची संत्री, हंगेरीत मोहाच गावचा ‘बुशोयाराश’, स्लोव्हेनियात प्तुय गावचा ‘कुरेंतोवान्ये’ हे सगळे ईस्टरपूर्व उपवासाच्या तोंडावरचे कार्निव्हल. कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार ईस्टरच्या रविवारच्या बरोबर 47 दिवस आधी येतो. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणून तो मंगळवार 9 फेब्रुवारीला. 2028 मध्ये ईस्टर 16 एप्रिलला, म्हणून मंगळवार थेट 29 फेब्रुवारीला. गेल्या वर्षीची तारीख पाहून या वर्षीचं तिकीट काढलं तर रिकामं गाव पाहून परतावं लागेल.

स्वित्झर्लंडच्या आपेन्झेल भागात तर एकच उत्सव दोनदा होतो. उर्नेश गावात मुखवटे घातलेली नववर्षाची ‘क्लाउस’ मंडळी 31 डिसेंबरला निघतात आणि पुन्हा 13 जानेवारीला. युरोपने नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं तेव्हा या प्रॉटेस्टंट भागाने ते पोपचं म्हणून नाकारलं आणि जुन्या कॅलेंडरचा वर्षअखेर सोडला नाही. पुढे कॅलेंडर बदललं, पण जुनी तारीख राहिली. दिवस रविवारी आला तर उत्सव आदल्या शनिवारी होतो, हे टिपून ठेवा. दोन्हींतली एक निवडायची तर मी 13 जानेवारी निवडेन, कारण ती तारीख फक्त त्यांची आहे.

जाण्याआधी उत्सव अजून होतो का, तेही तपासा. जपानमध्ये इवाते प्रांतातल्या कोकुसेकीजी मंदिराचा हजार वर्षांचा नग्न उत्सव फेब्रुवारी 2024 मध्ये शेवटचा झाला. गावात म्हातारी माणसं उरली, भार उचलायला तरुण नाहीत. जुन्या लेखांत तो अजूनही ‘नक्की पाहा’ म्हणून सापडतो.

पायरी 3: निवारा आधी, तिकीट नंतर

ही गावं छोटी आहेत. पाहुण्यांच्या खोल्या मोजक्या आणि त्याही बहुतेक वेळा वर्षभर आधी गेलेल्या असतात. म्हणून खोली पक्की झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. इव्रेआसाठी तुरिनमध्ये मुक्काम करून रेल्वेने ये-जा करता येते. लर्विकला ती सोय नाही. अॅबरडीनहून रात्रभराची बोट किंवा छोटं विमान, आणि जानेवारीतल्या वाऱ्यात दोन्ही अडकू शकतात. किमान दोन दिवस आधी पोहोचा. लर्विकमध्ये जागा नसेल तर शेटलंडच्या इतर गावांतही जानेवारी ते मार्च असेच अग्निउत्सव होतात. ते लहान असतात आणि माझ्या मते पाहुण्याला जास्त जवळचे.

व्हिसा लागत असेल तर हंगेरी, इटली, स्लोव्हेनिया, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड एकाच शेंगेन व्हिसात बसतात. ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

पायरी 4: कपडे थंडीसाठी आणि उत्सवासाठीही

अंगालगत लोकरीचा किंवा घाम बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर ऊब धरणारा थर, सगळ्यात वर वारा अडवणारा. सुती गंजी घालू नका. घामाने ओली झाली की तीच गारठवते. बूट जाड मोज्यांसह सैल बसले पाहिजेत. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आधी बधिर होतात. चीनमध्ये हार्बिनला सोंगहुआ नदीतून कापलेल्या बर्फाच्या लाद्यांचे महाल उभारतात. तिथे जानेवारीतल्या रात्री पारा उणे 20 च्या खाली सहज जातो. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मोजे तिथे जास्त ऊब देतात.

आता उत्सवाप्रमाणे बदल. आगीच्या उत्सवाला नायलॉनचं फुगीर जॅकेट वर घालून जाऊ नका. लर्विकच्या मशाली म्हणजे लाकडी दांड्याला गुंडाळलेलं, पॅराफिनमध्ये भिजवलेलं गोणपाट. वाऱ्यावर त्याच्या ठिणग्या दूरवर उडतात आणि प्रत्येक ठिणगी नायलॉनला भोक पाडते. वरून जाड लोकरीचा कोट बरा. इव्रेआत उलट, टाकून देता येतील असे जुने कपडे आणि तळाला खोल खाचा असलेले बूट घाला. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर संत्र्यांचा लगदा आणि घोड्यांची लीद यांचा निसरडा चिखल होतो.

फोन आतल्या खिशात, शरीराला लागून ठेवा. गारठ्यात बॅटरी बघता बघता उतरते. बाहेरून उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच काढा. नाहीतर आतली दमट हवा थंड भिंगावर पाणी होऊन बसते.

पायरी 5: त्या दिवशी

नोझावा ओन्सेनचं उदाहरण घेऊ, कारण तिथे जागेवर सगळं अवलंबून आहे. बीच नावाच्या झाडाच्या ओंडक्यांचा एक उंच डोलारा उभारतात. गावातले 42 वर्षांचे पुरुष त्याच्या माथ्यावर बसतात, 25 वर्षांचे खाली पायथ्याशी उभे राहून राखण करतात. ही दोन्ही वयं जपानमध्ये अनिष्ट मानली जातात. उरलेला गाव पेटत्या चुडी घेऊन डोलाऱ्यावर चाल करून येतो आणि 25 वर्षांची पोरं पाइनच्या फांद्यांनी त्या आगी झोडपून विझवतात. तास-दीड तास हे चालतं आणि अखेर डोलारा पेटवला जातो. वाऱ्याची दिशा बघून, वारा पाठीशी घेऊन उभे राहा. उजेड असतानाच मैदान पाहून बाहेर पडायची वाट हेरून ठेवा. गर्दी पांगते तेव्हा अंधार असतो आणि पायाखाली बर्फ दबून काचेसारखा झालेला असतो.

ओआहाकात घाई वेगळ्या कारणाने. कोरलेले मुळे काही तासांत काळवंडू लागतात. कलाकार त्यांच्यावर सारखे पाणी शिंपडत बसतात. संध्याकाळी चौकात लांबच लांब रांग लागते. म्हणून दिवसाच जा, कोरणारे हात दिसतात. ही स्पर्धा 1897 पासून भरते.

पायरी 6: मुखवट्यासमोर कसं वागायचं

मुखवटा ओढू नका, घुंगरं-घंटा हातात घेऊ नका, आणि ‘आत कोण आहे’ असं विचारू नका. मोहाचच्या बुशोंचे मुखवटे विलोच्या लाकडात कोरलेले असतात, अंगावर लोकर बाहेर केलेलं मेंढ्याचं कातडं, कमरेला घंटा, हातात कर्कश वाजणारी लाकडी खुळखुळी. ते गर्दीत शिरून थट्टा करतात, विशेषतः बायकांची. नको असेल तर हसून दोन पावलं मागे सरा. भांडू नका, पण सहनही करत राहू नका. रविवारी ते होड्यांतून डॅन्यूब ओलांडून येतात आणि मंगळवारी हिवाळ्याची शवपेटी जाळतात. दोन्ही जमत नसेल तर मंगळवार घ्या.

उर्नेशची रीत त्याहून शांत. क्लाउसांचा छोटा गट शेतघरासमोर येतो, घंटा हलवतो, मग थांबून शब्दांशिवायचं, खर्जातलं सामूहिक योडेल गातो. घरधनी त्यांना मुखवट्याआडून ओढता यावी म्हणून नळी लावून वाइन देतो. त्या गाण्याच्या वेळी फ्लॅश नको, बोलणं नको. घरच्यांनी बोलावलं तरच अंगणात पाऊल टाका.

पायरी 7: परतीचा दिवस मोकळा ठेवा

लर्विकमध्ये पथकं पहाटेपर्यंत सभागृहांतून नाचत फिरतात आणि बुधवारी गावाला सुट्टी असते. खाण्यापिण्याचं सामान सोमवारीच आणून ठेवा. मोहाचमध्ये ‘बुशो अंगणा’त मुखवटे कोरण्याचं काम पाहता येतं. इव्रेआत मंगळवारी संत्री संपली म्हणून रात्रीचीच गाडी पकडू नका. बुधवारी सकाळी मोठमोठ्या कढयांत मक्याची पोलेंटा आणि कॉड मासा शिजवून लोकांना वाटतात. त्या रांगेत पाहुण्यालाही जागा असते.