तेल कुठून जातं ते आधी पाहा

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मला पहिली नोकरी मिळाली. खाणीतले डंपर, पोकलेन, डोझर यांच्यावर बसणाऱ्या अग्निशमन यंत्रणेची जुळणी हे तिथलं काम. रोज ठाण्याहून वाशी लोकल पकडायची. ‘नवी मुंबईत कुठे आलीय कोळशाची खाण?’ असं शेजारच्या काकूंनी विचारलं होतं. टाक्या, नोझल, पॅनल इथे जुळतात आणि गाड्यांवर चढतात ते विदर्भातल्या चंद्रपूर, वणी, उमरेडच्या कोळसा खाणींत. या क्षेत्रात यायचं असेल तर हा प्रवास आधीच मान्य करा. फक्त शेडमध्ये बसून हे काम येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

यंत्रणा समजायला अवघड नाही. टेंडरमध्ये तिला ‘एएफडीएसएस’ म्हणतात, म्हणजे आग स्वतः ओळखून स्वतः विझवणारी व्यवस्था. इंजिनाभोवती एलएचएस केबल, म्हणजे उष्णता ओळखणारी वायर, फिरवलेली असते. तिच्या आत दोन तारा असतात. ठरलेल्या तापमानाला मधलं आवरण वितळतं, तारा चिकटतात आणि पॅनलला इशारा जातो. मग नायट्रोजनच्या कार्ट्रिजचा दाब टाकीतल्या पावडरला किंवा द्रवाला ढकलतो आणि ते नोझलमधून आगीवर पडतं. शिवाय हाताने चालवायचं बटण एक केबिनमध्ये आणि एक जमिनीवरून हात पोहोचेल असं बसवतात. इतकं मला महिन्याभरात पाठ झालं होतं आणि मला वाटलं, काम आलं.

पहिल्यांदा साइटवर गेले तेव्हा मे महिना होता. चंद्रपूरच्या त्या उन्हात शंभर टनी डंपरच्या बाजूला उभी राहून मी नकाशावर नोझलच्या जागा बघत होते. तिथले फोरमन काका म्हणाले, “मॅडम, वायर नंतर पाहाजा. आधी तेल कुठून जाते ते पाहा.” मग दोन तास त्यांनी मला गाडीभोवती फिरवलं. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागाच्या, डोक्यावरून गेलेली तेलाची नळी, एक्झॉस्टजवळून वळलेला हायड्रॉलिक होज, क्लॅम्प सैल झाल्यामुळे घासून पातळ झालेली बॅटरीची केबल, बेली प्लेटवर, म्हणजे इंजिनाखालच्या पत्र्यावर, साचलेलं तेल आणि कोळशाची भुकटी.

भरलेली गाडी चढ चढते तेव्हा टर्बोचा पृष्ठभाग ५०० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. डिझेलला ठिणगीशिवाय पेटायला साधारण २५० अंश पुरतात. मोठ्या पोकलेनच्या हायड्रॉलिकमध्ये ३०० बारच्या वर दाब असतो, त्यामुळे होजला सुईएवढं भोक पडलं तरी तेलाचा फवारा होतो आणि तो गरम लोखंडावर जाऊन पेटतो. म्हणूनच यंत्रणा चालू होताच इंजिनही बंद पडायला हवं. इंजिन चालू राहिलं तर पंप आगीला तेल पाजत राहतो, मग टाकीत कितीही पावडर असो. पावडर ज्वाला झटकन मारते, पण लोखंड थंड करत नाही. ते काम द्रवाचं. मोठ्या गाड्यांवर दोन्ही एकत्र बसवतात ते यासाठी.

आणि ऑपरेटर? तो जमिनीपासून कितीतरी वर बसलेला असतो आणि त्याची शिडी बहुतेक इंजिनाच्या समोरूनच उतरते. ही यंत्रणा गाडी वाचवते ते चांगलंच, पण तिचं पहिलं काम त्या माणसाला खाली उतरायला वेळ मिळवून देणं हे आहे. नोझल कुठे हवं यावर वाद झाला की मी आजही आधी शिडीकडे बघते.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. एका डंपरवर मी केबल टर्बोच्या फार जवळून नेली होती. केबल १८० अंशांना इशारा देणारी होती, ब्रॅकेटही घट्ट होतं. पण खाणीतल्या रस्त्यावर काहीच घट्ट राहत नाही. तीन आठवड्यांत ब्रॅकेट सरकलं, केबल तापली आणि आग नसताना पूर्ण टाकी रिकामी झाली. गाडीची एक पाळी वाया गेली. वर ती पावडर ओलाव्यात धातू खाते, म्हणून सगळं इंजिन धुवायला लागलं. त्याहून वाईट म्हणजे नंतर काही ऑपरेटर यंत्रणा बंदच ठेवायला लागले. खोट्या इशाऱ्याने माणसांचा विश्वास उडतो. तो परत मिळवायला मला प्रत्येकाशी बसून बोलावं लागलं.

देखभाल शिकताना तीन सवयी लावून घ्या. कार्ट्रिज वजन करून बघायची आणि तिच्यावर कोरलेल्या वजनाशी ताडायची. हादऱ्यांनी टाकीच्या तळाशी पावडर दबून घट्ट झाली आहे का ते तपासायचं. नोझलच्या टोप्या जागेवर आहेत का ते बघायचं, कारण टोपी गेली की चिखल आत जातो. गाडीवर वेल्डिंग असेल तर आधी यंत्रणा आयसोलेट करा, म्हणजे तात्पुरती बंद ठेवा, नंतर आठवणीने पुन्हा चालू करा.

सरावासाठी चंद्रपूरच लागतं असं नाही. घोडबंदर रोडवर काम चालू असेल तिथे पोकलेनचं इंजिनाचं दार उघडलेलं दिसलं की परवानगी घेऊन बघा. मेकॅनिकला चहा पाजा आणि विचारा, होज सगळ्यात आधी कुठे फुटतो? अशा एका दुपारी मला कॅटलॉगपेक्षा जास्त कळलं.

मुलींसाठी एक गोष्ट. २०१९ पासून ओपनकास्ट, म्हणजे वरून उघड्या, खाणीत महिलांना लेखी संमतीने रात्रपाळीतही काम करता येतं. मी केलंय. स्वच्छतागृह कुठे आहे आणि परतीची गाडी कोणती, हे निघण्याआधी कंपनीकडून स्पष्ट करून घ्या. यात संकोच करू नका.

खाणीत कामाला उतरण्याआधी वैद्यकीय तपासणी आणि १९६६ च्या नियमांनुसार व्होकेशनल ट्रेनिंग लागतं, खाणीतले लोक त्याला नुसतं ‘व्हीटी’ म्हणतात. त्यात दिवस जातात, म्हणून मुलाखतीतच विचारून घ्या की व्हीटी कोण करून देणार आणि पहिल्या सहा महिन्यांत साइटवर पाठवणार का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ असं आलं, तर दुसरी कंपनी शोधा.